बाजार बंद, भट्टी चालू

राव,

काल सकाळी शटर वर केलं, खडू घेतला आणि सवयीनं आधी तुझी पाटी लिहायला रस्ता ओलांडायला निघालो. निम्म्यावर गेल्यावर ध्यानात आलं, की पलीकडे तुझं हॉटेल नाही, मोबाईलचं दुकान आहे, आणि ते होऊनही वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत माझा असा घोटाळा एकदाही झाला नव्हता. तू रोज सकाळी येऊन माझ्याच हॉटेलात बसत होतास, तेव्हा पलीकडे जायचं कारणच नव्हतं. तू गेलास आणि पाय पुन्हा जुन्या वळणावर गेले. पैठणच्या एस.टी.नं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बाबा, मरायचंय का?" मी म्हटलं, "एवढ्यात न्हाई." तू असतास तर आठवडाभर हे सगळ्या स्टँडला सांगत फिरला असतास.

म्हणून लिहायला बसलोय. तुझं नाव रावसाहेब, पण साहेबासारखं तुला कुणी कधी पाहिलं नाही. अंगात पिठानं माखलेलं बनियन, खांद्यावर पंचा, हातात झारा. शेवगावच्या स्टँडसमोर तुझं हॉटेल पलीकडे, माझं अलीकडे. दोन्ही आपल्या वडिलांनी काढलेली, आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. आपणही बोलायचं नाही असा रिवाजच होता. तो तू मोडलास, तोही तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं म्हणून. एका सकाळी फळा बगलेत घेऊन माझ्या दारात उभा राहिलास. "भानुदास, तेवढं लिवून दे. मी लिवलं की लोक वाचत्यात आन् पुढं जात्यात."

मी लिहून दिलं. भजी, मिसळ, हुलग्याचे शेंगोळे. लिहिता लिहिता लक्षात आलं, की माझ्याकडेही त्या दिवशी शेंगोळेच होते. मी आत जाऊन आचाऱ्याला सांगितलं, आज शेवभाजी कर. तेव्हापासून रोज सकाळी तुझी पाटी आधी आणि माझी नंतर, असा क्रम पडला. तू शेंगोळे म्हणालास की मी शेवभाजी, तू पिठलं म्हणालास की मी मटकी. हे आपण कधी ठरवलं नाही आणि त्यावर कधी बोललोही नाही. गावाला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं, की हे दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. पाथर्डीकडचे ऊसतोडीचे लोक गाडीची वाट बघत उभे राहायचे आणि त्यांच्यात दोन पार्ट्या पडायच्या, अलीकडच्या रश्शाच्या आणि पलीकडच्या रश्शाच्या. आपण दोघं आपापल्या गल्ल्यावर बसून ते भांडण कौतुकानं ऐकायचो.

दुपारी गर्दी ओसरली की तुझं ताट माझ्याकडून जायचं आणि माझं तुझ्याकडून यायचं. स्वतःच्या हाताचं स्वतःला उतरत नाही, हे सगळ्या स्वयंपाक्यांचं दुखणं. मी तुझ्या शेंगोळ्यांना कधी नाव ठेवलं नाही. तू मात्र पहिला घास घेतलास की रस्त्यापलीकडून हात वर करून अंगठा आणि बोट चिमटीसारखं हलवायचास. मीठ कमी. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही. मी कधी मुद्दाम जास्त टाकून पाठवलं, तरी तीच चिमूट. मालन म्हणायची, "रावभावजींच्या जिभेलाच आळणी रोग हाय."

मालनचं नाव निघालं म्हणून आपलं ते भांडण काढतो. ते अर्धंच राहिलंय.

माझी बायको गेली तेव्हा बाजारानं रिवाजाप्रमाणे शटरं खाली घेतली. कापडवाले, भांडीवाले, सोनार, सगळ्यांनी. आमचं घर हॉटेलाच्या मागंच. अंगणात तिला ठेवलं होतं, बाया रडत होत्या, आणि रस्त्यापलीकडून तुझ्या फोडणीचा वास येत होता. लसूण आणि हिरवी मिरची. तुला सांगतो राव, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला, की मी तिच्याकडे बघायचं सोडून त्या वासाकडेच लक्ष देऊन बसलो. साऱ्या बाजारानं मान राखला आणि याला एक दिवस भट्टी विझवता येईना, असं मनात घोळत राहिलं.

अमरधामहून परत आलो तर तू अंगणात हजर. मोठ्या पातेल्यात पिठलं, दुरडीत भाकरी, वर ओला पंचा झाकलेला. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी कडू घास आणतात, ही आपल्याकडची रीतच आहे. पण शेजारी आणतात ते घरच्या चार माणसांपुरतं. तू गावोगावहून आलेल्या सगळ्या पाहुण्यांना पुरेल एवढं आणलं होतंस. पाटापाण्याचं तूच बघितलंस. मी जेवत नव्हतो. तू माझ्यासमोर मांडी घालून बसलास आणि म्हणालास, "कडू घास हाय, गोड लागायचाच न्हाई. पन खा." मी एक घास खाल्ला. दुसरा घेईपर्यंत तू हलला नाहीस.

तिचं तेरावं झाल्यावर मी तुझ्याशी भांडलो. "दारात मयत असताना फोडणी देतोस?" तू आधी ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "आरं, कापडाचं दुकान बंद ठिवलं तर दुखवटा हुतो. हाटेल बंद ठिवलं तर उपास घडतो. वहिनीच्या मयतीला चापडगावाहून, बोधेगावाहून सकाळच्या पारी निघालेली मानसं हुती. त्यांनी काय सोनाराच्या शटरकडं बघून पोट भरायचं?"

"रीत आहे," मी म्हणालो. "न्हाई म्हनतो का? तू पाळ की," तू म्हणालास.

तेव्हापासून मी पाळली. बाजारात कुणी गेलं की मी शटर पूर्ण खाली घ्यायचो, तू अर्धं. मागच्या बाजूला एक भट्टी चालू ठेवायचास. कुणाच्या घरचं आहे ते तू कधी पाहिलं नाहीस. शिंप्याच्या घरी दफन होतं तेव्हाही पातेलं गेलं, चर्चजवळच्या मास्तरांची आई गेली तेव्हाही गेलं. निरोप घेऊन कुणी आलं की तू वय विचारायचा नाहीस, आजार विचारायचा नाहीस. एकच विचारायचास, "किती मानसं हायत?" मी आपला माझ्या बंद शटरपुढे हाताची घडी घालून उभा. मला माझं म्हणणं बरोबर वाटायचं आणि तुला तुझं. दर मयताला आपण तेच बोलायचो आणि तिथंच सोडायचो.

मग दिवस पालटले. त्याचं काय नवल सांगायचं. स्टँडवरच्या गाड्या कमी झाल्या, घरोघर मोटारसायकली आल्या. गावाबाहेर नव्या रस्त्याला ढाबे झाले, त्यांना लॉन, झोपाळे आणि रंगीत दिवे. रस्ता रुंद केला तेव्हा आपले दोघांचे ओटे गेले. त्या ओट्यांवर लोक चहा घेऊन तासतास बसायचे. ओटा गेला आणि बसणारी माणसंही गेली. सिलिंडर महागला, तेल महागलं. तुझा आचारी चाकणच्या कॅन्टीनला गेला, माझा तर न सांगताच गेला. तू स्वतः कढईपुढे उभा राहायला लागलास, मीही. संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर पोरांची गर्दी बघून तू म्हणालास, "शेवयांसारखं कायतरी तांबडं खात्यात, पन खात्यात तर खरं." तुझ्या बोलण्यात हेवा कधी नसायचा. मला मात्र त्या गाडीचा जाम राग यायचा.

एक दिवस तू आलास आणि म्हणालास, "या महिन्याअखेर बंद करतोय. गुडघे साथ देत न्हाईत." मी गुडघ्यांकडे पाहिलं. मला पटलं. शेवटच्या सकाळी मी तुझ्या पाटीवर वरती लिहिलं, 'आज शेवटचा दिवस'. तू लांबून बघितलंस, जवळ आलास आणि ओल्या पंच्यानं ते पुसून टाकलंस. "असलं लिवू नको. लोक रडायला येत्याल, खायला न्हाई." मग मी नेहमीचंच लिहिलं. भजी, मिसळ, हुलग्याचे शेंगोळे. त्या दिवशी मी काहीच केलं नाही, फक्त चहा ठेवला. दुपारपर्यंत तुझं सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी कढया भंगारात गेल्या, तू पाटी तेवढी माझ्याकडे आणून टेकवलीस आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे हितं. चुलीत घालू नको."

आणि मग राव, तू मला जे छळलंस. रोज सकाळी आठला येऊन दाराजवळच्या टेबलावर बसायचास. गिऱ्हाईक असल्याचा सगळा तोरा. "भानुदास, चहा कपात दे, गिलासात न्हाई." "भजी गार हायत." "हे तेल परवाचं हाय." नवीन माणूस आत आला की त्याला माझ्यादेखत सांगायचास, "मिसळ घ्या, बाकीचं याला जमत न्हाई." आणि गर्दी झाली की कुणी न सांगता उठून, पंचा खांद्यावर टाकून, कांदा चिरायला आत जायचास. तुझ्या गुडघ्यांना तेव्हा काही होत नसे. मला हे दिसत होतं आणि मी त्याचा विचार केला नाही. मला फक्त बरं वाटत होतं. तू होतास म्हणून माझं हॉटेल त्या वर्षात हॉटेल राहिलं, नाहीतर मी एकटा भिंतींना चहा पाजत बसलो असतो.

आपलं शेवटचं बोलणं त्याच टेबलावर झालं. माझा संदीप नगरहून आला होता. मेडिकलवाला जागा भाड्यानं मागतोय, आता बस करा, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. मी तुला सांगितलं, की दिवाळीनंतर मीही शटर देऊन टाकतो. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"करू नको," तू म्हणालास.

"का नको? तू केलंस ना?"

"माझं येगळं हुतं."

"काय वेगळं होतं? गुडघे मलाही आहेत."

तू माझ्याकडे बघितलंस, काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि गप्प बसलास. मग चहा अर्धा टाकून उठून गेलास. चहा टाकून तू कधी उठला नव्हतास. मी मागून हाक मारली नाही, कारण उद्या आठला तू येणारच होतास. दुसऱ्या दिवशी पहाटेच तुझ्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

सकाळी बाजारात बातमी पसरली आणि शटरं खाली यायला लागली. मी हॉटेलात उभा होतो. हात शटरच्या हुकाला लावलेला. तुझी बहीण पुणतांब्याहून यायची होती, ती आल्याशिवाय उचलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे दुपार होणार. स्टँडवर बघतो तर तुझी माणसं उतरत होती. तुझ्या सासुरवाडीचे, तुझी जुनी गिऱ्हाईकं, टेम्पो करून आलेले दहिगावचे. म्हातारी माणसं तहानलेली, लेकरं कडेवर, आणि साऱ्या बाजारात चहाचा घोट मिळायची सोय नाही. त्यातला एक म्हातारा तुझ्या जुन्या जागेसमोर जाऊन थांबला. मोबाईलच्या बंद दुकानाकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, रावसाहेबाच्या हॉटेलात बसू.

मी हुक सोडला. शटर अर्ध्यावर ठेवलं आणि आत जाऊन चहा ठेवला. मग परातीत बेसन काढलं.

व्यापारी मंडळाचे दोघं आले. "भानुदासराव, आज तरी शटर घ्या खाली. लोक काय म्हणतील, समोरच्याचं मयत आन् यांची भट्टी चालू."

मी तुझंच वाक्य त्यांना दिलं, जसंच्या तसं. हॉटेल बंद ठेवलं तर उपास घडतो. मला वाटलं होतं, वाद घालतील. त्यातला थोरला, भांडीवाला, म्हणाला, "माझा बाप गेला तवा रावसाहेबानंच घास आनला हुता." मग तो बाहेर गेला आणि दहिगावच्या लोकांना हाताला धरून आत आणायला लागला. राव, आपल्या त्या भांडणात तू जिंकलास. हे तुझ्या तोंडावर मी कधी कबूल केलं नसतं, त्यामुळे हे असंच बरं झालं.

तुझी पिठल्याची पद्धत मला पाठ होती. फोडणीत लसूण ठेचून, चिरून नाही. पाणी आधी उकळायचं, पीठ वरून भुरभुरायचं. त्या फोडणीचा वास रस्ता ओलांडून गल्लीतून तुझ्या अंगणात गेला असणार, कारण वारा तिकडेच वाहत होता. वहिनींना माझा राग आला असेल का, असं एकदा मनात आलं. मालनच्या वेळी मला आला होता तसा.

अमरधामहून परत आल्यावर पातेलं घेऊन तुझ्या अंगणात गेलो. पुणतांब्याच्या ताईंना वाढलं, तुझ्या पोराला, विकासला वाढलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, ताटाला हात लावत नव्हत्या. मी समोर मांडी घातली. म्हटलं, "वहिनी, कडू घास आहे, गोड लागायचाच नाही. पण खा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य कुणाचं आहे ते त्यांना कळलं. एक घास घेतला, चावला, आणि म्हणाल्या, "भाऊजी, मीठ कमी हाय. ह्ये असते तर बोलले असते." त्या हसल्या आणि त्यातच रडायला लागल्या. मीही.

थोड्या वेळानं मी त्यांना म्हणालो, "गुडघे दुखत नसते तर राव अजून दहा वर्षं कढईपुढे उभा राहिला असता."

"गुडघ्याला काय झालतं?" वहिनी म्हणाल्या. "गुडघे लगीन झाल्यापासून दुखत हुते त्यांचे."

मग त्यांनी सांगितलं. तू घरी म्हणाला होतास, की आता स्टँडवर दोघांपुरतं गिऱ्हाईक राहिलं नाही. दोघंही चालवत बसले तर दोन्ही बुडतील. एकानं बाजूला व्हावं, दुसरं तरी नीट चालेल. वहिनींनी विचारलं, मग त्यांनी बंद करू दे, तुमीच का? तर तू म्हणालास, "मला वाड्यात, शेतात, पोराकडं कुटंबी करमतं. भानुदासाची मालन गेली, पोरगं नगरला. हाटेल गेलं तर तो कुनाशी भांडंल? भिताडाशी?"

राव, अरे. त्या दिवशी टेबलावर तू हेच सांगणार होतास आणि गिळून टाकलंस. सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो, उपकार नकोत म्हणून शटर दुसऱ्याच दिवशी दिलं असतं. तुला ते माहीत होतं. म्हणून चहा अर्धा टाकून उठलास. मी तुझा फार आभारी आहे. हे मी असं सरळ लिहितोय, कारण समोर असतास तर मी आभार मानले नसते आणि तू मानू दिले नसतेस. वर्षभर मला वाटत होतं, की तुला करमत नाही म्हणून मी तुला माझ्याकडे बसू देतोय.

मागच्या आठवड्यात पुणतांब्याला गोदावरीकाठी तुझा दहावा झाला. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला, वाट बघायला लागली नाही. सगळे म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, भातात मीठ बरोबर पडलं असणार.

परत येताना गाडीत संदीपला सांगितलं, मेडिकलवाल्याला नाही म्हण. तो म्हणाला, "दादा, चालणार आहे का ते?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, राव. सकाळी दहा-बारा माणसं येतात, दुपारी त्याहून कमी. पण मी पहिल्यांदाच दोन्ही पाट्या बाहेर लावल्यात. माझ्या पाटीवर शेवभाजी असते, तुझ्या पाटीवर शेंगोळे. दोन्ही मीच करतो. तुझे शेंगोळे मला अजून जमत नाहीत, वळताना तुटतात. वहिनींनी एकदा येऊन दाखवते म्हटलंय.

एवढं लिहून झालं आणि आत्ता मध्येच उठावं लागलं. सोनाराच्या गल्लीतली बांगडीवाली आजी गेली. तिचा नातू दारात आला. बाजारात शटरं खाली यायला लागलीत, त्यांचा आवाज मला इथं ऐकू येतोय. मी माझं अर्ध्यावर घेतलं. तो काही सांगायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "किती मानसं हायत?"

पातेलं चढवलंय. पिठल्यात मीठ टाकलं, ढवळलं, पलीकडे बघितलं आणि अजून एक चिमूट टाकली.